घारकड्याचे दगड

“तुमच्यात मसाल्यात दगूड घालत्यात का वो बाई?”

सकाळचे दहा वाजून गेले होते. मी नुकतीच कपाटांची कुलपं काढून टेबलाशी बसले होते. दारात उभ्या असलेल्या बाईने हा प्रश्न मला अशा आवाजात विचारला, की जणू तिच्या घरात चोरी मीच केली होती. तिच्यामागून आमचा शिपाई “चपला बाहेर, चपला बाहेर” करत धावत आला आणि तिच्या पायांकडे बघून गप्प झाला. ती अनवाणीच होती.

मी तिला ओळखलं. ठकूबाई बांबळे. आंबेदऱ्याच्या चिंधूची बायको. तिच्या चुलीपुढे बसून मी दोनदा नाचणीची भाकरी खाल्ली होती.

“ठकूबाई, तुम्ही इकडे कशा? बसा आधी.”

“बसाया न्हाई आले. मालकाला फारेस्टवाल्यांनी धरलाय. काल दिस मावळताना, घारकड्याच्या पायथ्याला. पोत्यात दगूड व्हते तुमचे. तर म्हनत्यात दगडफूल चोरलं, यापाऱ्याला इकाया. आज चार वाजता कोर्टात उभा करनार. मालक वरडून सांगतोय, पुन्याच्या साहेबाचं काम हाय, तर त्ये म्हनत्यात कागुद आन. तवा कागुद द्या. मला साडेअकराची यष्टी गाठायची हाय.”

एका दमात एवढं बोलून ती भिंतीला टेकून उभी राहिली. मी दिलेलं पाणीही तिने घेतलं नाही.

आमच्या या इमारतीत वाळवलेल्या वनस्पतींचे नमुने ठेवलेले असत. लोक त्याला हर्बेरियम म्हणतात. मी तिथे सहायक होते, पाचवं वर्ष चालू होतं. आमच्या विभागात दगडफुलं. मसाल्यात पडतं ते दगडफूल सुटं असतं, पातळ पानासारखं. झाडाच्या सालीवरून ते हाताने ओरबाडता येतं. घारकड्यावरचं तसलं नव्हतं. तो होता एक राखी-पिवळा पापुद्रा, कातळाला असा चिकटून बसलेला की नखाने खरवडला तर फक्त भुकटी निघावी. तो हवा असेल तर छिन्नी लावून दगडासकट काढावा लागतो. आणि तो येतो कुठे, तर कड्याच्या ऐन मध्यावर, सरळ तुटलेल्या भिंतीवर. तिथे दोराला लोंबकळून जाणारा माणूस एकच होता. तो काल धरला गेला होता.

पत्र काय, दोन ओळींचं होतं. सही मात्र साहेबांची लागणार होती.

डॉ. मधुसूदन खांबेटे आमचे विभागप्रमुख. दगडफुलांत देशात त्यांचं नाव होतं, आणि ते नाव झालं घारकड्यामुळे. दोन वर्षांपूर्वी तिथला हा पापुद्रा त्यांनी नवी जात म्हणून जाहीर केला होता. परदेशातल्या नियतकालिकात निबंध छापून आला होता, आणि त्या जातीला त्यांनी दिल्लीच्या एका बड्या संचालकांचं नाव दिलं होतं. मी आत गेले तेव्हा ते चहात बिस्किट बुडवत होते.

“सर, चिंधूला वनखात्याने पकडलंय.”

“कोण चिंधू?”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी स्वतः पाहिलं होतं. हा माणूस कड्याखाली छत्री उघडून खुर्चीवर बसायचा आणि वर दोराला लटकलेल्या चिंधूला ओरडून सांगायचा, “जरा डावीकडे, अजून डावीकडे!” माझ्या आधीपासून, नऊ वर्षं.

“आंबेदऱ्याचा चिंधू बांबळे, सर. बाहेर त्याची बायको उभी आहे. तो आपल्यासाठी नमुने काढत होता, एवढं पत्र हवंय.”

त्यांनी बिस्किट संपवलं. मग रुमालाने बोटं पुसली.

“उज्ज्वला, आपला परवाना मार्चमध्ये संपलाय. नवा अजून आलेला नाही. आता मी पत्र दिलं, तर आपणच त्याला अभयारण्यात घुसवलं असं होतं.”

“आपणच घुसवलं. पावसाआधी शंभर तरी नमुने हवेत, असा निरोप तुम्ही माझ्यासमोर दिला होतात.”

“तोंडी दिला होता. कागदावर काय आहे ते बघ. आपल्या एकाही नोंदीत त्या माणसाचं नाव आहे का?”

नव्हतं. म्हणूनच तर ते इतके निवांत होते. प्रत्येक नमुन्याला एक चिठ्ठी असते: जात, ठिकाण, उंची, कशावर वाढलं, तारीख आणि संग्राहक. संग्राहक म्हणजे ज्याने तो नमुना जागेवरून काढला तो. आमच्याकडे घारकड्याच्या दोनशे चौदा चिठ्ठ्या होत्या आणि दोनशे चौदांवर संग्राहक म्हणून डॉ. म. वि. खांबेटे.

“आणि निबंधात काय छापलंय?” ते पुढे म्हणाले. “मूळ नमुना मी स्वतः काढला, तारखेसकट. आता मीच लिहून देऊ की दुसराच माणूस काढतो?”

“त्या तारखेला तुम्ही बंगलोरला होतात, सर. तिकीट मी काढून आणलं होतं.”

त्यांनी कप बाजूला सारला. मग अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, “हे बघ, त्या लोकांना या गोष्टींची सवय असते. चार दिवस आत राहील, सुटेल. आपण त्यात पडायचं नाही. जा, काम कर.”

त्या लोकांना सवय असते! त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला परवडलं असतं. मी बाहेर आले, तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली होती. ठकूबाईने माझं तोंड पाहिलं आणि तिला कळलं.

“न्हाई देत ना कागुद?”

“नाही देत.”

“मंग दगूड द्या,” ती म्हणाली. “आमच्या मालकानं काढल्याले. त्येवर त्येची खून हाय.”

मी तिला काही विचारलं नाही. सात नंबरचं कपाट उघडलं.

दगडावरचे नमुने आम्ही नुसते ठेवत नसू. हलवाहलवीत घासून पापुद्रा झिजतो, म्हणून दगडाची कपची जाड पुठ्ठ्यावर सरसाने घट्ट बसवायची, पुठ्ठ्याच्या खालच्या भागात चिठ्ठी लावायची आणि पुठ्ठा पेटीत ठेवायचा. मी तीन पेट्या काढल्या. तिसरी लाल पट्टीची होती. लाल पट्टी म्हणजे मूळ नमुना, ज्याच्यावरून ती जात ठरली तो. जगात तसा एकच. त्याला हात लावायचा तर साहेबांची लेखी परवानगी लागे.

सरस वाफेने सुटतो, पण वाफेला वेळ कुठला? मी कागद कापायची सुरी दगडाखाली घातली आणि अंगठ्याने जोर दिला. पहिला दगड सुटला. दुसरा सुटला. तिसऱ्याला सुरी लावली तेव्हा शिपायाने आत जाऊन वर्दी दिली असावी, कारण खांबेटे सर धावतच आले. त्यांना धावताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

“वेड लागलंय का तुला? मूळ नमुना आहे तो! ठेव खाली!”

मी सुरी दाबली. काडकन आवाज झाला. पापुद्र्याचा नखाएवढा तुकडा उडून जमिनीवर पडला. साहेब खाली वाकून तो शोधायला लागले. एक माणूस कोठडीत बसलेला, त्याची बायको समोर उभी, आणि हे गुडघ्यांवर बसून नखाएवढा पापुद्रा शोधतायत! मला इतका राग आला की हसूच फुटलं.

दगड पुठ्ठ्यावरून सुटून माझ्या हातात आला होता. मी तो उलटा केला. पाठीवर, वाळलेल्या सरसाखाली, छिन्नीने कोरलेले दोन तिरके घाव होते, टोकाशी एकमेकांना भिडलेले. घारीची चोच. त्याखाली सात उभ्या रेघा.

“ह्योच,” ठकूबाई म्हणाली. “घारकड्याचा सातवा.”

सगळं तीनच वाक्यांत तिने सांगितलं. चिंधूला लिहिता येत नव्हतं. साहेब नंबराच्या चिठ्ठ्या देत, त्या कड्यावरच्या वाऱ्याने उडून जात. मग तो तिथेच लटकल्या लटकल्या दगडाच्या पाठीवर जागेची खूण करी आणि त्या खेपेचा कितवा ते रेघांनी मोजी, म्हणजे कुठला दगड कुठून काढला हे विसरायला नको.

“हे नमुने या दारातून बाहेर गेले तर तुझी नोकरी गेली असं समज,” साहेब जमिनीवरून म्हणाले.

बाहेर जाणाऱ्या नमुन्यांची एक वही दारापाशी असते. मी त्यात लिहिलं: नमुने तीन. नेणार: उज्ज्वला वैशंपायन. कारण: ज्याचे त्याला दाखवण्यासाठी. तारीख घातली, सही केली आणि पेट्या पिशवीत घातल्या.

साडेअकराची एसटी मिळाली. साडेतीन तासांच्या प्रवासात ठकूबाईने पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. मंचरच्या थांब्यावर मी केळी घेतली तर तिने एक खाल्लं, एक पदरात बांधलं. चिंधूसाठी असणार. मंचर सुटल्यावर म्हणाली, “तुमी लई चांगल्या हाय बाई. दुसरं कोन आलं असतं?” मी खिडकीबाहेर बघत बसले.

वनखात्याच्या कचेरीत आम्ही पोचलो तेव्हा सव्वातीन झाले होते. बाहेर जीप उभी होती. चिंधू ओसरीवर खांबाशी बसला होता, हाताला दोर बांधलेला. तो त्याचाच दोर होता, कड्यावर उतरायचा. हे कुणाला सुचलं असेल ते असो, मला ते दिसलं आणि माझा उरलासुरला तोल गेला.

“त्याला त्याच्याच दोराने बांधायची अक्कल कुणाची?” मी आत शिरता शिरताच विचारलं.

रेंजर घोरपडे मिशीवाले, थकलेले गृहस्थ होते. त्यांनी फाइल मिटवली. “आपण कोण?”

मी सांगितलं. मग त्यांनी पंचनामा वाचून दाखवला: दगडफूल, अंदाजे अकरा किलो, छिन्नी एक, हातोडी एक, दोर एक.

“अकरा किलो दगडफूल पाहिलंय कधी तुम्ही?” मी म्हणाले. “सुकं दगडफूल अकरा किलो असेल तर ही खोली भरेल. हे अकरा किलो दगड आहेत. कुठला व्यापारी दगड विकत घेतो? कुठली बाई आमटीत दगड टाकते?”

“व्यापारी खरवडून घेतात.”

“मग खरवडून दाखवा. घ्या चाकू.”

त्यांनी खरंच एक दगड घेऊन चाकू चालवला. टेबलावर चिमूटभर पिवळी भुकटी पडली. त्यांनी ती हुंगली, बोटावर घेतली, झटकली.

“बरं,” ते म्हणाले, “मसाल्याचं नसेल. पण तुमच्या संस्थेसाठी काढलं हे कशावरून?”

मी पोतं जमिनीवर पालथं केलं. दगड एकेक करून पाठीवर उलटवले. चोच आणि एक रेघ. चोच आणि दोन. चोच आणि तीन. मग पिशवीतल्या पेट्या उघडून आमचे तीन दगड शेजारी मांडले, पाठ वर करून. तीच छिन्नी, तोच तिरका घाव, डावीकडचा जरा लांब. लहान मुलालाही कळलं असतं.

घोरपडे खुर्चीवरून उठले, उकिडवे बसले आणि एकेका घावावरून बोट फिरवत गेले. मग त्यांनी रिकामे पुठ्ठे हातात घेतले.

“यावर तर संग्राहक डॉक्टर खांबेटे म्हणून आहे.”

“ते खोटं आहे.”

“असेल. एक सांगा, या माणसाने दर दगडावर खूण केली होती. ती खूण झाकून, वर दुसऱ्याचं नाव टाकून हे चिकटवलं कुणी? इथे कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंय. ‘मांडणी: उ. वै.’ हे उ. वै. कोण?”

ओसरीवरून ठकूबाई आत आली होती. तिने पुठ्ठ्याकडे पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. ते मात्र तिला वाचता आलं.

“मी,” मी म्हणाले.

दोनशे चौदा. नोकरीच्या पहिल्या वर्षापासून ते सगळे मी बसवले होते, माझ्या हाताने, सरस गरम करून. पहिल्याच दिवशी मी साहेबांना म्हणाले होते, “सर, मागे खुणा आहेत.” ते म्हणाले होते, “दगडाची पाठ कोण बघतं? लाव.” आणि मी लावले. चिठ्ठ्याही मीच टाइप केल्या. संग्राहकापुढे काय लिहायचं हे मी दुसऱ्यांदा विचारलंदेखील नाही. मला कायम व्हायचं होतं. झाले. सकाळपासून साहेबांवर जो संताप मी काढत होते, त्यातला निम्मा माझ्या वाटणीचा होता. पण तो ओळखायला मला कोपऱ्यातली दोन अक्षरं दुसऱ्याने वाचून दाखवावी लागली.

 ठकूबाईने एसटीत मांडीवर धरून आणलेली पिशवी उचलली आणि माझ्या पायाशी आणून ठेवली.

घोरपड्यांनी कोरा कागद पुढे केला. “लिहून द्या. हा माणूस तुमच्या संस्थेसाठी काढत होता, संस्थेने त्याला पाठवलं होतं, परवाना नव्हता, आणि हे सगळं तुम्हाला माहीत होतं. नोकरी जाईल हं.”

मी लिहून दिलं. एक वाक्य त्यांनी सांगितलं नव्हतं तेही लिहिलं: खुणा झाकल्या मी.

चार वाजता जीप गेली नाही. चिंधूचा दोर सोडला. दगड आणि छिन्नी त्यांनी ठेवून घेतली, माणूस सोडला. तो मनगटं चोळत आत आला. ठकूबाईने पदरातलं केळं सोडून त्याच्या हातात दिलं. तो खाली मांडलेल्या दगडांपाशी बसला आणि लाल पट्टीच्या पेटीतला सातवा त्याने उचलला. त्याच्या पाठीवरचा सरसाचा पापुद्रा अंगठ्याच्या नखाने काढत राहिला.

“बाई,” तो म्हणाला, आवाज न चढवता, “येकदा पुन्याला आलो व्हतो मी. पोतं घेऊन. तवा तुमी ह्योच चिटकवत व्हता. म्या इच्यारलं, बाई, पाठ का झाकली? ध्यानात हाय?”

ध्यानात होतं.

“तुमी म्हनला, निसटू नये म्हून.”

त्याने दगड परत माझ्या पेटीत ठेवला, पाठ वर करून. मग त्याने आपला दोर गुंडाळला, खांद्यावर टाकला आणि दोघं निघून गेली. या म्हणाली नाहीत, येतो म्हणाली नाहीत. त्यानंतर आंबेदऱ्याला मी चार वेळा गेले. ठकूबाईने मला ओसरीवर बसू दिलं. आत चुलीपाशी कधी बोलावलं नाही.

मी अकरा महिने निलंबित होते. साहेबांना एक नोटीस आली, त्यांनी तिला उत्तर दिलं, आणि ते यथावकाश सन्मानाने निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात घारकड्याचे चित्तथरारक अनुभवही सांगितले म्हणे. टाळ्या पडल्या. मी गेले नव्हते.

या गोष्टीला आता अडतीस वर्षं झाली. मीही निवृत्त आहे, पण गेल्या वर्षी संस्थेने जुन्या नोंदी संगणकावर चढवायला घेतल्या आणि दगडफुलांसाठी मला बोलावलं. घारकड्याच्या पेट्यांना मी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. यावेळी घाई नव्हती. केटलीची वाफ देऊन, एकेक दगड सोडवून, पाठीचा फोटो काढून मी नोंद भरली. संग्राहक: चिंधू महादू बांबळे. दोनशे चौदा वेळा. तिथली तरुण प्रमुख म्हणाली, “मॅडम, छापील निबंधाशी हे जुळत नाही.” मी म्हटलं, “निबंध चुकलाय. दगड बघा.” तिने दगड बघितला आणि नोंद तशीच राहू दिली.

शेवटची राहिली लाल पट्टीची. सातवा. दर नोंदीच्या तळाशी शेऱ्याचा एक रकाना असतो. पुढे जो कोणी हा नमुना हाताळेल त्याच्यासाठी. बाकी सगळ्यांत मी तो मोकळा सोडला होता. यात लिहिलं:

‘पुठ्ठ्यावरून सुटा केला आहे. एका कोपऱ्याला इजा, ती उ. वैशंपायन यांच्या हातून. पाठ उघडी ठेवावी. पुन्हा कुणीही चिकटवू नये.’